मदत हवी आहे : नाथसागरावरच्या होडीसाठी कोणता वायरलेस घ्यावा?

नमस्कार मंडळी. पैठणजवळ जायकवाडीच्या पाण्यावर आमच्या दोन होड्या आहेत, कटला-रोहू धरतो. मराठवाड्यात बसून मरीन रेडिओ (समुद्रातल्या बोटींवरचा वायरलेस) विचारतोय म्हणून हसू नका. मधोमध गेलं की काठ दिसत नाही आणि मोबाइलची रेंज जाते. मागच्या मे महिन्यात वावधान सुटलं, धाकट्या भावाचं इंजिन बंद पडलं, फोन भिजला. तीन तास भाऊ कुठंय तेच कळेना. आई तेव्हापासून रोज भांडतीये.

रत्नागिरीचे पाहुणे म्हणतात, हातातला मरीन व्हीएचएफ (म्हणजे तोच बोटींवरचा वायरलेस) घ्या, ५ वॅटचा, पाण्यात पडला तरी तरंगणारा. पण समुद्रात १६ नंबरच्या चॅनेलवर (१५६.८ मेगाहर्ट्‌झ) मदतीची हाक ऐकायला कोस्ट गार्ड आणि बाकीची जहाजं असतात. इथं धरणात कोण ऐकणार, बगळे? शिवाय त्याला परवाना लागतो, आणि तो धरणातल्या होडीला देतात का?

दुसरा पर्याय ४४६ मेगाहर्ट्‌झचे अर्ध्या वॅटचे वॉकीटॉकी. त्याला २०१८ पासून परवाना लागत नाही. पण होडीत बसल्यावर अँटेना पाण्यापासून जेमतेम चार फुटांवर, मग आवाज किती लांब पोचतो? काठावरचा सेट घराच्या गच्चीवर ठेवला तर फरक पडेल का?

उजनी, कोयना किंवा आमच्याच पाण्यावर कोणी वापरत असेल तर सांगा. भिजू नये म्हणून सेट पिशवीत घालून बोललं तर आवाज दबतो का, चार्जिंग दिवसभर पुरतं का, हेही सांगा. दुकानदाराचं ऐकून बसायचं नाही मला.