स्वराच्या डोक्यावरची तिरकी रेघ कशी वाचावी?

रोमन लिपीत काही स्वरांच्या डोक्यावर उजवीकडे चढत जाणारी छोटी तिरकी रेघ दिसते. ती दीर्घ उच्चाराची खूण मानावी का, असा हा प्रश्न आहे. माझ्या मते शब्द कोणत्या भाषेतला आहे हे कळल्याखेरीज त्या रेघेचा अर्थ लावताच येत नाही, आणि परकी नावे देवनागरीत लिहिताना आपल्याकडे नेमकी हीच चौकशी राहून जाते.

स्पॅनिशमध्ये ती केवळ आघात, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावर दिलेला जोर, दाखवते. ‘पापा’ हा शब्द रेघेविना लिहिला तर आघात पहिल्या अक्षरावर येतो आणि लॅटिन अमेरिकेत त्याचा अर्थ बटाटा होतो. शेवटच्या स्वरावर रेघ दिली की तोच शब्द वडिलांना लागू पडतो. हंगेरियनमध्ये आघात कायम पहिल्याच अक्षरावर असल्यामुळे तो दाखवायची गरज नाही, म्हणून तिथे रेघ दीर्घत्वासाठी मोकळी राहिली. शिवाय ‘आ’च्या बाबतीत उच्चाराची जातच बदलते : रेघ नसताना ओठ गोल करून उच्चारलेला ऱ्हस्व, ‘ऑ’च्या जवळचा स्वर येतो, तर रेघ असताना आपला स्वच्छ ‘आ’. तिथे ‘कार’ म्हणजे नुकसान, आणि रेघ काढून टाकल्यावर साधारण ‘कॉर’ असा वाचला जाणारा शब्द म्हणजे बाहू. चेक आणि आयरिश भाषांतही रेघ दीर्घत्वाचीच आहे. आइसलँडिकमध्ये मात्र रेघेचा ‘आ’ हा ‘आउ’सारखा संयुक्त स्वर असून वर्णमालेत त्याला स्वतंत्र स्थान आहे.

पोर्तुगीजचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तिथे रेघ आघाताबरोबर स्वराचा विवृतपणाही (तोंड अधिक उघडून केलेला उच्चार) सांगते आणि संवृत (तोंड कमी उघडून उच्चारलेल्या) स्वरासाठी टोपीसारखे वेगळे चिन्ह वापरतात. ‘आजी’ आणि ‘आजोबा’ या अर्थांच्या शब्दांत एवढाच काय तो फरक आहे, आजीचा शेवटचा ‘ओ’ विवृत आणि आजोबांचा संवृत. कोकणीतही विवृत-संवृत ‘ओ’चा भेद अर्थ बदलतो, पण देवनागरी लेखनात तो दिसत नाही, ही मला खरी उणीव वाटते. रेघेसह अगदी एकसारखे लिहिले जाणारे एक नाव स्पॅनिशमध्ये ‘होसे’, पोर्तुगीजमध्ये ‘झुझे’ आणि गोव्यात ‘जुझे’ होते.

व्हिएतनामी भाषेत रेघेचा संबंध सुराशी आहे. सतराव्या शतकात युरोपीय मिशनऱ्यांनी ती भाषा रोमन लिपीत बसवली आणि 1651 साली रोममध्ये तिचा कोश छापला गेला. ‘मा’ रेघेविना सपाट सुरात म्हटले तर भूत, आणि रेघ देऊन चढ्या सुरात म्हटले तर दक्षिणेकडे आई.

सुराची खूण म्हणून ही रेघ आपल्या परंपरेलाही भेटलेली आहे. ऋग्वेद रोमन लिपीत देताना उदात्त, म्हणजे उंच सुरातल्या, स्वरावर हीच रेघ देतात. देवनागरीत रीत उलटी आहे : ‘अ॒ग्निमी॑ळे’ या आरंभात ‘अ’खाली अनुदात्ताची (खालच्या सुराची) आडवी रेघ, ‘मी’वर स्वरिताची (उदात्तानंतर उतरत्या सुराची) उभी रेघ, आणि ज्या ‘ग्नि’वर रोमन लेखनात तिरकी रेघ येते तो उदात्त मात्र कोणत्याही खुणेविना असतो.