चिऊकाऊ तोंडपाठ, पण 'का' विचारलं की गप्प

पाटीपेन्सिल
तिसरीच्या मुलांचे आकलनाचे तास घ्यायचे आहेत. गटात ८-१० मुलं, रोज ३० मिनिटं. घडाघडा वाचतात, 'कोण', 'कुठे' विचारलं तर सांगतात. 'का' आलं की गप्प, नाहीतर उताऱ्यातलं आख्खं वाक्य उतरवतात. लोककथा घ्यायचा विचार आहे. कोणत्या घ्याव्यात? प्रश्न कसे काढावेत?

शाईदौत
लोककथा जरूर घ्या, पण गोम अशी की गोष्ट आधीच ठाऊक असते. मुलं कागद न वाचताच उत्तरं देतात आणि आपल्याला वाटतं, समजलं! म्हणून पहिल्या दिवशी मूळ गोष्ट तोंडी सांगा. दुसऱ्या दिवशी तीच बदलून १२०-१५० शब्दांचा उतारा द्या.

चिऊकाऊत पावसाच्या जागी वैशाखातलं ऊन घाला. आता मेणाचं घर धोक्यात, शेणाचं शाबूत. दार कोण कोणाचं ठोठावणार? 'चिऊचं घर वितळलं' असं लिहू नका. 'दुपारपर्यंत चिऊच्या भिंती वाकल्या' एवढंच लिहा, पुढचं मुलांना जोडू द्या. तरीही कोणी 'कावळ्याचं घर वाहून गेलं' म्हणालं, तर ते आठवणीतून बोलतंय.

शहरातल्या काही मुलांनी शेणानं सारवलेलं घर पाहिलेलंच नसतं. असे शब्द आधी सांगा, पण तीन-चारच.

गोधडी
अनुमानासाठी भोपळ्यातली म्हातारी घ्या. 'म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' हे कोण बोलतंय? 'भोपळा' असं उत्तर हमखास येतं. तिथे चूक सांगू नका. 'भोपळा स्वतःलाच चल रे भोपळ्या म्हणेल?' इतकं विचारून थांबा. पुन्हा ओळीकडे जाऊ द्या.

जाताना म्हातारी 'तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा' म्हणते. वाघानं ते का ऐकलं? उताऱ्यात 'युक्ती' हा शब्द येऊ देऊ नका. आला की उत्तर फुकटात मिळतं. आणि तात्पर्य तर विचारूच नका. 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' हे गोष्ट न वाचताही म्हणता येतं.

पाटीपेन्सिल
वाचन मोठ्यानं की मनात? आणि लिहून काय घ्यावं?

शाईदौत
पहिलं वाचन मनात. मोठ्यानं वाचताना सगळा जीव उच्चारात जातो, त्यात आपण मध्येच सुधारत बसलो की अर्थाचा धागा सुटतो. मात्र दहा शब्दांत एकाहून जास्त वेळा अडखळणाऱ्या मुलाला तो उतारा जड आहे. त्याला वाचून दाखवा, प्रश्न तेच ठेवा.

वेळ साधारण अशी: शब्द आणि अंदाज ५ मिनिटं, वाचन ७, बोलणं १२, लेखन ६. बोलण्यातून वेळ कापू नका, खरं काम तिथेच होतं. 'कशावरून?' हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा आणि ओळीवर बोट ठेवायला लावा. फक्त चुकलेल्यांनाच विचारलंत तर मुलं तो चुकल्याचा इशारा समजतात आणि उत्तर बदलतात.

गोधडी
लेखनात तीनच वाक्यं, पण 'मग' वर्ज्य. 'मग वाघ आला, मग ती गेली' यात क्रम कळतो, कारण नाही. 'म्हणून', 'कारण', 'पण' यांतले दोन तरी हवेत. सुरुवातीला फळ्यावर अर्धं वाक्य द्या: 'म्हातारी भोपळ्यात बसली, कारण...'