नुसतं 'काही लागलं तर सांग' नको
मैत्रिणीचा नवरा आयसीयूत आहे, नेमकी काय मदत करू कळत नाहीये असं लिहिलंयस, तर तिला विचारत बसू नकोस गं, त्या वेळी डोकं इतकं सुन्न असतं की काय हवंय तेच सुचत नाही. सरळ सांग, आज रात्री मी थांबते, तू घरी जाऊन झोप. डॉक्टर राउंडला आले की तिच्या शेजारी उभी राहा आणि वहीत लिहून घे, कुठलं औषध बदललं, उद्या कुठली टेस्ट, कारण तिच्या डोक्यात त्यातलं अर्धंही राहत नाही. नातेवाइकांचे फोन तर फार जीव खातात, ते दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यावेत. आणि प्लीज, रामबाण उपाय फॉरवर्ड नकोत. डिस्चार्जनंतरही जात राहा, तोवर सगळे पांगलेले असतात आणि ड्रेसिंग, गोळ्यांच्या वेळा, सगळं तिच्या एकटीवर येतं.