ओशन शोर्सची सहल आणि त्सुनामी

प्रेषक: वैशाली (सॅमामिश)

नमस्कार मंडळी,
ऑगस्टच्या सहलीचे पैसे भरणारच होते, पण पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक व्हिडिओ दाखवला. सगळं सिएटल समुद्रात जाणार, म्हणे! त्या आता समुद्रकाठच्या ओशन शोर्सला यायला तयार नाहीत. हे म्हणतात, आईला समजाव. पण तो व्हिडिओ बघून मीच टरकले आहे. तुम्ही जुनी मंडळी सांगा, इथे राहून नक्की किती घाबरायचं?

प्रेषक: मिलिंद (रेडमंड)

वहिनी, मुंबईत लोकलला लटकताना घाबरलो नाही, आता काय घाबरायचं? व्हायचं ते होईल. वडे किती करायचे ते बोला.

प्रेषक: अनघा (बॅलर्ड)

वैशाली, मिलिंदचं ऐकू नकोस आणि त्या व्हिडिओचंही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, हा प्रश्न मला प्रत्येक हळदीकुंकवाला विचारला जातो. तुझं घर आणि ओशन शोर्स, या दोन ठिकाणच्या भीती वेगळ्या आहेत.

आधी किनारा. उत्तर कॅलिफोर्नियापासून व्हँकूव्हर बेटापर्यंत समुद्राखाली साधारण १,००० किलोमीटर लांबीचा कास्केडियाचा पट्टा आहे. तिथे समुद्राची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, अमेरिकेच्या प्लेटखाली सरकता सरकता अडकून बसते. ती सुटली की ९ च्या आसपासचा भूकंप. शेवटचा झाला २६ जानेवारी १७०० च्या रात्री. औरंगजेब तेव्हा साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता! तारीख इतकी नेमकी कळली ती जपानमुळे. तिथे भूकंप न होताच लाट आली आणि गावोगावच्या दप्तरांत तिची नोंद झाली. इकडे जमीन खचून खाऱ्या पाण्यात मेलेल्या सीडारचे बुंधे कोपालिस नदीकाठी अजून उभे आहेत. ओशन शोर्सपासून ते फार लांब नाहीत.

असा पूर्ण लांबीचा भूकंप पुढच्या ५० वर्षांत होण्याची शक्यता १० ते १५ टक्के धरतात. 'वेळ भरली आहे' म्हणतात त्यात तथ्य नाही. दोन भूकंपांतलं अंतर कधी दोन-तीनशे वर्षं, कधी त्याच्या दुप्पट-तिप्पट. तो नेमका आपल्या शनिवार-रविवारी येण्याची शक्यता नगण्य. पण आला, तर किनाऱ्यावर पहिली लाट पंधरा ते तीस मिनिटांत येते. ओशन शोर्स हे सपाट वाळूवरचं गाव, उंच जागा लांब. हादरा थांबला की लगेच चढणीकडे चालत सुटायचं. भोंग्याची किंवा फोनवरच्या सूचनेची वाट पाहायची नाही, हादरा हीच सूचना. जुलै २०२५ मध्ये कामचाटकाला ८.८ चा भूकंप झाला तेव्हा लाट इथे पोचायला काही तास लागणार होते, म्हणून सूचना वाचायला सवड होती. जवळच्या भूकंपात ती मिळत नाही. जवळच्याच किनाऱ्यावरच्या वेस्टपोर्टला २०१६ मध्ये शाळेच्या जिमचं छप्परच हजारभर माणसं चढून थांबतील असं बांधलं, ते याचसाठी.

आता घर. सॅमामिशचं पठार उंचावर आणि आत आहे, तिथे त्सुनामी विसर. काळजी हादऱ्याची, आणि तो कास्केडियाचाच असेल असंही नाही. सिएटल फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भेग, बेनब्रिज, मर्सर आयलंड, बेलव्ह्यू, इसाक्वा असा आपल्या पायाखालून जातो. सुमारे १,१०० वर्षांपूर्वी तो हलला, तेव्हा बेनब्रिजचा किनारा सात मीटर वर आला आणि प्यूजेट साउंडच्या, म्हणजे सिएटलजवळच्या खाडीच्या, आतच त्सुनामी उठली. डाउनटाउनच्या पाण्याकाठी काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मी स्वतः लाटेपेक्षा वॉटर हीटरची काळजी जास्त करते. तो पट्ट्यांनी भिंतीला बांधलाय का, आजच बघ. पडला तर गॅसची लाइन तुटते आणि आग लागते; उभा राहिला तर ४०-५० गॅलन पिण्याचं पाणी घरात आहे. राज्य सरकार दोन आठवड्यांचा साठा ठेवायला सांगतं. माणशी रोज एक गॅलन धरलं तर चौघांना ५६ गॅलन, ते आपल्यापैकी कोणाकडेच नसतं. घर १९८० च्या आधीचं असेल तर ते फाउंडेशनला बोल्ट केलंय का, हेही बघून घ्या. आणि घराच्या नेहमीच्या विम्यात भूकंप धरलेला नसतो, वेगळा घ्यावा लागतो.

प्रेषक: शरद (बेलव्ह्यू)

अनघाच्या मेलला जोड. मी लातूर जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. हजारो गेले, ते दगडमातीच्या जाड भिंतींखाली. इथे २००१ मध्ये निस्क्वाली भूकंप ६.८ चा होता, पण जमिनीखाली ५० किलोमीटरच्या खोलीवर, आणि घरं लाकडी. सिएटलचा अलास्कन वे व्हायाडक्ट, म्हणजे उड्डाणपूल, खिळखिळा झाला, तरी भिंतीखाली सापडून कोणी गेलं नाही. त्यामुळे नुसता आकडा ऐकून घाबरू नका, पण बेफिकीरही राहू नका. सिएटलमधल्या जुन्या विटांच्या, आत सळई नसलेल्या इमारतींत राहणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

आईवडील आले असतील तर त्यांना एक आवर्जून सांगा: धक्का बसताच बाहेर पळायचं नाही. आपल्याकडे ते अंगवळणी पडलंय आणि तिथल्या घरांत ते बरोबरही होतं. इथे टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय धरून बसायचं. फोन लागणार नाहीत, मेसेज कदाचित जातील. आम्ही सगळे न्यू जर्सीच्या मेव्हण्याला कळवायचं असं ठरवून ठेवलंय.

प्रेषक: वैशाली (सॅमामिश)

अनघा, शरदकाका, मनापासून आभार. आमचा वॉटर हीटर बांधलेला नाही, ह्यांना उद्याच कामाला लावते. पण सासूबाईंच्या गुडघ्यांना पंधरा मिनिटांत चढ जमणार नाही. त्याचं काय?

प्रेषक: सुहास (सहल समिती)

मंडळी, सहल रद्द नाही, मुक्काम हलवतो आहोत. ओशन शोर्सच्या उत्तरेला सीब्रुक हे गाव कड्यावर आहे, तिथली दोन घरं पाहिली. दिवसा पायऱ्या उतरून वाळूवर जायचं, रात्री वर झोपायचं. भाडं जास्त आहे, माणशी किती वाढतं ते शुक्रवारपर्यंत कळवतो. ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांनी मला वेगळी मेल करा, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या खोल्या त्यांच्यासाठी ठेवता येतील. ज्यांना वाढीव पैसे जड वाटतात त्यांनीही निःसंकोच लिहा, यादीवर नको.