मदत हवी आहे : जर्मनचं जुनं शुद्धलेखन चूक धरायचं का?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला घरी नववी-दहावीच्या मुलांची जर्मनची शिकवणी घेते. माझ्या सरांनी दिलेली १९७०-८० च्या दशकांतली गोष्टींची पुस्तकं मुलांना वाचायला देते. गेल्या आठवड्यात एका मुलीचा निबंध शाळेतून लाल खुणांनी भरून आला. 'दास' (आपलं 'की') तिने सगळीकडे एस्त्सेट (ß हे जर्मन अक्षर, उच्चार 'स') लावून लिहिला होता, जुन्या पद्धतीने. पोरगी रडवेली झाली. तिने तो माझ्याच पुस्तकांतून उचललेला, त्यामुळे मला फार वाईट वाटलं.

१९९६ च्या जर्मन शुद्धलेखन सुधारणेचा नियम मला माहीत आहे. ऱ्हस्व स्वरानंतर आता दोन 'एस' : दास, कुस, फ्लुस. दीर्घ किंवा जोडस्वरानंतर एस्त्सेट कायम, म्हणून 'श्ट्रासे' तसाच. हे कानाने ठरवता येतं, मुलांना पटतं. गाडी अडते ती 'एस टुट मिअर लाइड'पाशी (म्हणजे 'मला वाईट वाटतं'). जुन्या पुस्तकात 'लाइड'चा 'एल' लहान, १९९६ च्या नियमांनी तो मोठा झाला आणि २००६ मध्ये पुन्हा लहान! माझ्याकडे तिन्ही काळांतली पुस्तकं आहेत. मुलं विचारतात, "ताई, खरं कुठलं?"

म्हणून थोडं वाचलं. १९९८ मध्ये जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याच्या मतदारांनी सार्वमतात सुधारणेच्या विरोधात कौल दिला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने तो फिरवला. 'फ्रांकफुर्टर आल्गेमाइने' हे मोठं दैनिक २००० मध्ये जुन्या लेखनाकडे परतलं, ते २००७ मध्ये नव्याकडे आलं. जर्मनीच्या घटना न्यायालयाचं १९९८ मध्येच म्हणणं होतं की शाळेबाहेरच्या माणसावर या नियमांचं बंधन नाही. हे वाचून मी थांबलेच. माझी आजी मराठी शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनंतरही शेवटपर्यंत 'घरांत', 'हातांत' असंच लिहायची. तिचं अशुद्ध होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

तर जर्मनी-ऑस्ट्रियात राहणाऱ्यांना विचारायचंय : तुमच्या ओळखीतली साठी-सत्तरीची माणसं पत्रात, व्हॉट्सअ‍ॅपवर खरंच कसं लिहितात? जुना 'दास' दिसला तर तरुणांना खटकतो का, की कुणी बघतही नाही? स्वित्झर्लंडवाल्यांनीही सांगा, तुमच्याकडे तर एस्त्सेट नाहीच.

शिकवणाऱ्यांना : जुनी पुस्तकं मुलांना देणं बंद करू का? मन होत नाही, गोष्टी फार सुंदर आहेत. सध्या पेन्सिलने समासात नवं रूप लिहून देते, पण दीडशे पानांना ते पुरं पडत नाही.

आणि डूडन (जर्मन शुद्धलेखनाचा शब्दकोश) कुठला घेऊ? २००६ नंतरचा एक जुना स्वस्तात मिळतोय, पण २०२४ मध्ये स्वल्पविरामाचे नियम पुन्हा बदललेत. दहावीच्या मुलांना तेवढ्याने अडेल का? परीक्षा जवळ आली आहे, लवकर सांगितलंत तर बरं होईल.