रॉथकोच्या चित्राची धड प्रिंट आणि फ्रेम कुठे मिळेल? मदत हवी आहे

सोफ्यामागची दहा फुटी भिंत रिकामी आहे. तिथे अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोचं 'नं. ६१ (रस्ट अँड ब्लू)' लावायचंय. मूळ चित्र १९५३ सालचं, लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयात आहे. उंची साडेनऊ फुटांहून जरा जास्तच, म्हणजे आमच्या हॉलच्या छतालाच भिडेल.

एकदा हात पोळून झालेत. गेल्या वर्षी ऑनलाइन २४ बाय ३६ इंचांची तयार फ्रेम मागवली. आली तेव्हापासून काहीतरी खटकत होतं. शेवटी लॅपटॉपवर मूळ चित्राचा फोटो उघडून शेजारी धरला. चित्राचं प्रमाण साधारण ५:४, फ्रेमचं ३:२, मग काय, दोन्ही बाजू सरळ छाटलेल्या! रॉथकोचे रंगाचे चौकोन कडेला टेकत नाहीत, भोवती बारीक किनार सुटलेली असते आणि तिच्यामुळेच ते तरंगल्यासारखे दिसतात. माझ्याकडच्या प्रिंटमध्ये निळा चौकोन थेट फ्रेमच्या पट्टीत घुसला होता, खिडकीला पडदा लावावा तसा. वर चकचकीत काच, त्यामुळे त्या गडद निळ्यात समोरचा टीव्ही आणि गरगरणारा पंखा. (हुक खालच्या बाजूला ठोकलेले होते. महिनाभर चित्र उलटं टांगलेलं होतं, हे इथेच सांगतेय, घरी सांगितलेलं नाही.)

आता २४ बाय ३० करून घ्यायचं ठरवलंय, त्यात जवळपास काही कापावं लागत नाही. पण:

कॉटन पेपर की कॅनव्हास? रॉथको रंगाचे पातळ थर एकावर एक चढवायचा, ती खोली कशावर जास्त उतरते? फ्रेमवाले काका म्हणतात कॅनव्हास घ्या, काचेची कटकट नाही. पण त्यांनी दाखवलेल्या नमुन्यात विणीचे दाणेच आधी डोळ्यात भरतात.

रॉथको स्वतः चित्रांना फ्रेम लावत नसे. मग कॅनव्हास घेतलाच तर कडेने फट सोडून बसवतात तशी चौकट बरी दिसेल का? ठाणे-मुलुंडकडे हे काम सफाईने कोण करतं?

भिंत बाहेरच्या बाजूची आहे, पावसाळ्यात ओल धरते. काका मागे साधा हार्डबोर्ड आणि खाकी टेप लावतात. त्याला बुरशी येते, हे गणपतीच्या फोटोवर बघून झालंय. कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून फ्रेम भिंतीपासून सुटी ठेवली तर भागेल का?

आणि रॉथको गेला १९७० साली. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, तेव्हा नेटवरून उतरवलेली फाइल छापून घ्यायची नाही. रीतसर परवानगीची प्रिंट भारतात कोणी मागवली आहे का? कस्टम्स धरून कितीला पडली?

नवऱ्याचं टुमणं वेगळंच: रॉथको कशाला, आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे लाव. तेही आवडतातच, १९६४ साली न्यूयॉर्कला जाऊन आलेले. पण त्यांची चांगली प्रिंट तरी कुठे दिसलीय कुणाला? दिसली असेल तर तेही सांगा, दुसरी भिंत आहे.