नोझल चेक स्वच्छ असेल तर हेड क्लीनिंग नको
इंकजेट प्रिंटरवर छापलेल्या फोटोत आडव्या रेघा आल्या की "रेघा जाईपर्यंत हेड क्लीनिंग करत राहा", म्हणजे शाई सोडून हेडची बारीक छिद्रं मोकळी करत राहा, असा सल्ला मिळतो. तो नोझल चेकमधल्या (छिद्रं तपासायला प्रिंटर जो पॅटर्न छापतो त्यातल्या) रेषा तुटत असतील तेव्हाच खरा. पॅटर्न अखंड येत असताना क्लीनिंग केलं की महागाची शाई नुसती वेस्ट पॅडमध्ये (वाया शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये) जाते, आणि ते पॅड भरलं की प्रिंटर अडून बसतो. कृपा करून असं करू नका.

पुतणीच्या बारशाचे फोटो छापताना माझं हेच झालं. पॅटर्न स्वच्छ, तरी मागच्या निळ्या पडद्यावर ठरावीक अंतराने आडव्या रेघा. भिंगातून पाहिलं तर त्या पांढऱ्या होत्या, म्हणजे हेडच्या दोन फेऱ्यांमध्ये कागद जरा जास्तच सरकत होता. (रेघा गडद असतील तर उलटं: कागद कमी सरकतो आणि फेऱ्या एकमेकींवर चढतात. तेव्हा रोलरवरची कागदाची धूळ आधी पुसा.) ट्रेमध्ये ग्लॉसी कागद, पण ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटर सेटिंगमध्ये) 'प्लेन पेपर' तसंच राहिलेलं! कागदाचा प्रकार बदलला, 'हाय स्पीड'ची खूण काढली. बहुतेक रेघा तिथेच गेल्या. उरलेल्या दोन-तीन रेघा, कागद किती सरकावा हे ठरवणाऱ्या पेपर फीड अ‍ॅडजस्टमेंटचा आकडा एका पायरीने कमी केल्यावर गेल्या.